मापांची वही

धारच्या आत्याबाई गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांच्या त्या धाकट्या बहीण. मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन देवासला आले. देवासहून धारला जायचं म्हणजे इंदूरला बस बदलायची, आणि पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा. तरी वर्षातून दोनतीनदा मी जायचीच. आत्याबाईंच्या मागे जे राहिलं ते एका ट्रंकेत मावलं: लोखंडी कातर, हाताने फिरवायच्या मशीनचं एक सुटं चाक, वर्तमानपत्रांवर कापलेले नमुने आणि एक जाड, तेलकट झालेली वही. मापांची वही.

या वहीवर लिहायचं कारण सांगते. मध्यंतरी आमच्या समाजाची एक स्मरणिका निघाली. वेदीला कोणी किती दिले, शिखराला कोणी, पंखे कोणी दिले, सगळं तिथे छापलंय. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव असतं, तेव्हा त्यात नवल नाही. मी आत्याबाईंवर दीड पान लिहून दिलं होतं. ते गळलं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "वहिनी, त्यांनी तसं केलं काय? कपडेच तर शिवले."

कपडेच तर शिवले! शास्त्रांची वेष्टनं, मंदिरातला चंदोवा, पाठशाळेच्या मुलांचे कुडते, किती बाळंतिणींच्या मुलांची झबली, सगळं त्या एका शब्दात गेलं. तेव्हापासून माझ्या मनात आलं की आपल्या इतिहासात कोणी काय घातलं ते सापडतं, कोणी शिवलं ते सापडत नाही.

देवासचंच पाहा. पवारांच्या दोन भावांनी, तुकोजी आणि जिवाजी यांनी, हे गाव वाटून घेतलं आणि एकाच गावात दोन राजे झाले. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर आधी पाहुणा म्हणून आला, आणि १९२१ मध्ये खासगी सचिव म्हणून राहिला. पुढे १९५३ मध्ये त्याने इथल्या आठवणींचं पुस्तक काढलं. पहिल्या मुक्कामात मेजवानीसाठी त्याला आपल्याकडचा पोशाख घातला, त्याचं वर्णन त्यात आहे. अंगात काय, डोक्यावर काय, सगळं त्याने हौसेने लिहिलंय. ते शिवलं कोणी, हे मात्र त्याने विचारलं नाही. आपणही विचारलं नसतं.

धारच्या किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. शाळेत आपण हे पाठ केलं. पण त्या पोराच्या अंगावर पहिलं झबलं कोणाच्या हातचं चढलं असेल? आपल्या घरांतली रीत म्हणजे नव्या कापडाला बाळ लावायचं नाही. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं झबलं शिवायचं, आणि शिवण बाहेरून घ्यायची म्हणजे कोवळ्या अंगाला टोचत नाही. पेशव्याच्या पोरालाही अंग कोवळंच असणार.

शिवलेले कपडे आपल्याकडे फार उशिरा आले, असंही पुष्कळदा ऐकू येतं. त्यासाठी धार जिल्ह्यातल्या बाघच्या लेण्यांतली चित्रं पाहावीत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ती. दगड झिरपून मूळ रंग जवळजवळ गेलेत, पण गेल्या शतकात नंदलाल बोस आणि इतर चित्रकारांनी नकला करून ठेवल्या म्हणून आपल्याला दिसतात. त्यात नाचणाऱ्यांचा एक फेर आहे, आणि नाचणाऱ्याच्या अंगात लांब बाह्यांचा अंगरखा आहे. बाही आली म्हणजे मुंढा आला, मुंढा आला म्हणजे सुई आली. आमच्या धारच्या भिंतीवर ही शिवण आहे, मग ती उपरी कशी?

आता आत्याबाई. लग्नानंतर चार वर्षांत, १९४६ मध्ये, त्या विधवा होऊन धारला परत आल्या. तेव्हा धार संस्थान होतं. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, धार आणि देवास दोन्ही मध्यभारतात विलीन झाले. लढाईमुळे १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलेलं, आणि कंट्रोलचं कापड मिळेल तेवढ्यात घर झाकायचं. आत्याबाई सांगत, लुगडं मध्ये विरलं की ते भाग कापून टाकायचे आणि चांगली टोकं जोडून दांड भरायचा. दांड भरलेलं लुगडं नेसणं तेव्हा लाजेचं नव्हतं. वाकडा दांड भरणं लाजेचं होतं.

भावाच्या घरात दोन वेळचं जेवण होतं, पण हातात पैसा नव्हता. देवळात ठेवायला चार आणे हवे असले तरी वहिनीकडे मागायचे. त्यांनी अंगावरची शेवटची सोन्याची वस्तू मोडून जुनं सिंगर मशीन घेतलं. घरात आठ दिवस अबोला. मग शेजारची एक बाई आपलं जुनं पोलकं मापाला घेऊन आली, कारण तिला पुरुष शिंप्याला माप द्यायचं नव्हतं. तिच्या मागून दुसरी आली. उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता आत्याबाईंचा धंदा सुरू झाला.

ही वाट त्यांच्या एकटीची नव्हती. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं, तिथे शिवणाचे वर्ग होते. आपल्या समाजात मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला, आमच्या सोलापूरला सुमतीबाई शहांनी ते काम वाढवलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला मात्र मुद्दाम अपवाद केला. सिंगरने बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून प्रेमापोटी यंत्र केलं, असं ते म्हणाले. खऱ्या सिंगरचा संसार तितका सोवळा नव्हता, पण गांधीजींना मर्म कळलं होतं. हे यंत्र बाईच्या हातचं काम काढून घेत नाही, तिच्या हातात पैसा ठेवतं.

वही १९४७ पासून सुरू होते. एका बाजूला नाव, पुढे उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, मोहरी. पानं उलटत गेलं की गावाचा इतिहास दिसतो. आधी सगळी पोलकी आणि परकर, बाही कोपरापर्यंत. मग बाही वर सरकते, गळा खाली येतो. 'ब्लाउज' हा शब्द येतो, मग 'फ्रॉक', पुढे 'सलवार'. एका मुलीचं माप दर वर्षी आहे, सात वर्षांची असल्यापासून सतरापर्यंत, आणि मग एकदम थांबतं. तिचं लग्न झालं. पाच वर्षांनी पुन्हा तेच नाव, छाती दोन इंचांनी कमी, आणि समोर बारीक अक्षरात 'पैसे घ्यायचे नाहीत' एवढंच. ती परत आली होती. कोणत्या स्मरणिकेत आहे हे?

साठच्या दशकात वहीत 'वार' खोडून 'मीटर' आलाय. मीटर वारापेक्षा जवळजवळ साडेतीन इंच मोठा. आत्याबाईंनी दुकानदाराशी भांडून नवा हिशेब करून घेतला होता: पूर्वी सव्वा वार लागे तिथे आता सव्वा मीटर घ्यायचं नाही. माप मात्र त्यांनी शेवटपर्यंत इंचातच घेतलं.

वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी शिवणाचे नियम लिहून ठेवलेत. घरी शिवणाऱ्या बायकांना आजही उपयोगी पडतील, म्हणून माझ्या शब्दांत देते.

पहिला नियम: कातर हातात घेण्याआधी कापड पाण्यात. नवं सुती कापड रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच बेता. ब्लाउजचं अस्तरही भिजवायचं. वरचं कापड भिजवलं आणि अस्तर तसंच राहिलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. बाघ छपाईचं कापड असेल तर वेगळं धुवा. त्या खत्री कारागिरांचा लाल रंग तुरटीवर चढतो आणि काळा लोखंडाच्या गंजातून येतो. रंग पक्का असतो, पण पहिल्या पाण्यात जास्तीचा थोडा उतरतोच.

दुसरा: कापडाचा उभा धागा अंगावर उभाच आला पाहिजे. पन्ह्यात आडवं बेतलं की थोडं कापड वाचतं, पण अंगावर कपडा लोंबतो. फक्त गळपट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापायची. इंच-सव्वा इंच रुंद पट्टी घ्या. ती गोलाईवर वळते, सरळ पट्टी वळत नाही. नक्षी उभी असेल तर पुढचा आणि मागचा भाग एकाच दिशेला ठेवा. मी एकदा घाईत बेतलं आणि पाठीवरची सगळी फुलं खाली डोकं करून उभी राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे, तुला कुठे पाठ दिसते?" पण ब्लाउज उसवायला लावला.

तिसरा: आधी कागदावर. त्यांचे नमुने इंदूरच्या 'नईदुनिया'च्या अंकांवर कापलेले, त्यामुळे कोणता नमुना कधीचा ते आपोआप कळतं. अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा पूर्ण उसवून त्याचा नमुना काढा, पुस्तकापेक्षा तो खरा. ब्लाउजला छातीच्या मापात दीड-दोन इंच सैल धरा, कुडत्याला चार इंच. आणि कापडाच्या कातरीने कागद कापू नका. यावरून त्यांनी नातवंडांना धपाटे घातलेत.

चौथा: मशीन बिघडलं असं वाटलं की आधी सुई बदला. मलमलीला ११ नंबर, पॉपलिनला १४, जाड खादीला १६. टीप आधी चिंधीवर घालून पाहा. गळ्याच्या गोलाईला शिवणीपर्यंत बारीक कात्रे द्या, पण शिवण कापू नका.

पाचवा मला सगळ्यांत आवडतो. कुडत्याच्या काखेत चौबगळा घाला, चौकोनी तुकडा, तीन-चार इंचांचा. हात वर केला तरी कुडता ओढत नाही आणि काखेत फाटत नाही. जुने लोक कापड सरळ चौकोनांत बेतत आणि जिथे अंग वळतं तिथे असा तुकडा जोडत. हातमागाचं कापड महाग, वाया घालवायची सोयच नव्हती. आत्याबाईंच्या बेतण्यात ज्या चिंध्या उरत, त्या गोधडीत जात.

रेशीम त्या शिवत नसत. कोशेटे उकळत्या पाण्यात टाकून काढलेला धागा देवापुढे कशाला न्यायचा, असं त्यांचं सरळ म्हणणं. गिऱ्हाईक जायचं, तरी नाही. आर्यिका माताजींचा विहार धारमध्ये आला की त्या दर्शनाला जात आणि त्यांच्या सोळा हातांच्या पांढऱ्या, न शिवलेल्या साडीकडे पाहत बसत. एकदा मला म्हणाल्या, "त्यांना टाका नको. आपल्याला हवा. आपण संसारातल्या." धारजवळच्या नालछ्यात राहून पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात गृहस्थांसाठी 'सागारधर्मामृत' लिहिलं. संसारात राहून किती बाळगायचं, कसं कमवायचं, हा त्यातला विषय. आत्याबाईंनी तो ग्रंथ वाचला नव्हता, पण त्यांच्या चार साड्या होत्या आणि पाचवी आली की पहिली कोणाला तरी जायची.

शेवटचा नियम मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन होतं. माया म्हणजे कपट, ती सोडा, असं पंडितजी सांगत असतात, आणि मला दर वर्षी आत्याबाई आठवून हसू येतं. त्या म्हणत, "माया सोडायची बरं का, पण आत! बाजूला इंच-दीड इंच, खांद्याला अर्धा. बाई वाढते, वाळते. पोरीचं अंग भरतं. कपडा उसवून मोठा करता आला पाहिजे." वाढत्या मुलींच्या कपड्यांना त्या दोन इंच माया ठेवत आणि त्या जास्तीच्या कापडाचे पैसे लावत नसत.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातीने ट्रंकेतलं एक पोलकं काढलं, आत्याबाईंच्या हातचं, माझ्या नणंदेच्या लहानपणीचं. तिला घट्ट झालं. मी बाजूची शिवण उसवली. आत दोन्हीकडे पुरती माया होती, बाहेरच्या कापडापेक्षा गडद, ऊन न लागलेली. टीप पुन्हा घातली आणि पोलकं बसलं.

बायांनो, तुमच्या घरात अशी वही असेल. आजीची, आत्याची, चाळीतल्या एखाद्या बाईची. रद्दीत देऊ नका. कोणाची आहे, कोणत्या गावची आहे, कोणत्या सालापासूनची आहे, एवढं पहिल्या पानावर लिहा आणि मंदिराच्या ग्रंथभांडारात नेऊन ठेवा. ठेवून घेणार नाहीत म्हणाले, तर तिथल्या शास्त्रांच्या वेष्टनांकडे बोट दाखवा आणि विचारा, ही कोणी शिवली?

मी आत्याबाईंच्या वहीला परवाच वेष्टन शिवलं. सुती, भिजवून, इंचभर माया ठेवून.