उंदीर, पिसू आणि पंडित

एखादा कठीण प्रश्न दीर्घकाळ सुटत नाही, तेव्हा त्याचे खापर आपण अज्ञानाच्या माथी फोडून मोकळे होतो. माहिती अपुरी होती, साधने तोकडी होती, काळच तसा होता, असे म्हटले की इतिहासाचा हिशेब चुकता झाला असे आपणांस वाटते. परंतु आपण जाणत नाही हे ज्याला कळते, तो निदान विचारावयास तरी निघतो. खरा अडसर असतो तो हाती असलेल्या उत्तराविषयीच्या समाधानाचा. असे समाधान असले म्हणजे पुरावा पायाशी येऊन पडला तरी दिसत नाही. या विधानाची प्रचीती पाहावयास दूर जावयास नको. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे पुरे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. रोगाचा जंतू त्या वेळी अज्ञात होता असे नव्हे. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत कितासातो व येर्सँ यांनी त्याचा शोध लावला होता, आणि मेलेल्या उंदरांच्या शरीरातही तोच जंतू असतो हे येर्सँ याने दाखविले होते. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. तेथे उंदीर मरून पडत असल्याचे वखारींत वावरणाऱ्या लोकांनी पाहिले होते. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी मुलखात तर या रोगाशी लोकांचा जुनाच परिचय होता. घरात उंदीर मरू लागले की तेथील शेतकरी गाव सोडून रानात जाऊन राहत. तेव्हा रोगी माणूस आणि मेलेला उंदीर ही प्रश्नाची दोन्ही टोके सर्वांच्या समोर होती. मधला दुवा तेवढा शोधावयाचा होता.

तो शोधण्याची निकड सरकारास भासली नाही, कारण सरकारजवळ उत्तर तयार होते. रोग घाणीतून उपजतो आणि रोगी माणसाबरोबर पसरतो, हे ते उत्तर. ते मूर्खपणाचे होते असे कोणी समजू नये. विलायतेतील शहरांनी गटारे बांधून व पाणी शुद्ध करून पटकी आणि विषमज्वर यांस आवरले होते. एकदा फळास आलेला उपाय मनुष्य सहसा टाकीत नाही. रोग बदलला तरी तो तेच औषध अधिक जोराने देतो. मुंबईत तेच झाले. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आले, भिंतींस चुना फासला गेला, कौले काढून घरांत ऊन घेण्यात आले. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासल्या जात. धान्याच्या गोण्यांतून कोण प्रवास करीत आहे, याची मात्र तशी झडती नव्हती. उलट, घरांची उलथापालथ झाल्याने बिळांतील उंदीर शेजारच्या घरी बिऱ्हाड करीत.

आता दुसरी बाजू पाहावी. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. रोगी तेथे मारण्याकरिताच नेतात, अशी वदंता पसरली होती. लोकांनी आजारी माणसे माळ्यावर लपविली, मृत्यूची खबर दाबली आणि वाट फुटेल तिकडे पळ काढला. पुण्यास १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. त्यांत देवघर व माजघर यांचा विवेक राहिला नाही, आणि २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लोकांचा संताप निष्कारण होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रोगनिवारणाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांच्याजवळ माहिती होती त्यांनी ती सांगितली नाही, आणि ज्यांना ती हवी होती त्यांनी विचारली नाही. गुमास्ता, हमाल, मोलकरीण यांनी पाहिलेले उंदीर सरकारी दप्तरात पोहोचले, ते एक किरकोळ नोंद म्हणून. ज्याच्या घरात शिपाई शिरतो, तो त्या शिपायाला बिळे दाखवावयास बसत नाही.

या घटनेतील दैवदुर्विलास असा की, घर रिकामे करणे हा उपाय मुळात योग्यच होता. पुढील वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावचे लोक उंदीर पडू लागताच आपण होऊन गावाबाहेर झोपड्या घालून राहू लागले. जी गोष्ट बळाने करविताना रक्त सांडले, तीच समजून घेतल्यावर गावकीचा रिवाज झाली.

मधला दुवा हाती लागला तो एका परक्या माणसास. पॅरिसच्या पाश्चर संस्थेचा पॉल-लुई सीमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत येऊन साथ पाहत होता. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायांवर, त्यास बारीक फोड आढळले. ते कीटकाच्या दंशाचे असावेत असे त्याने ताडले. जून १८९८ मध्ये कराची येथे त्याने एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसह एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसूला मात्र उडी मारण्यास अडचण नव्हती. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. सीमाँ याने हा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास सरकारने नेमलेले प्लेग कमिशन हिंदुस्थानभर साक्षी घेत हिंडत होते. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. या विद्वानांनी सीमाँच्या कल्पनेस मान्यता दिली नाही. प्रयोग थोडे आहेत, इतरांस ते साधले नाहीत, असे आक्षेप त्या काळी घेतले जात. युरोपातील संशोधकांनी तर उंदरावरची पिसू माणसास चावतच नाही असा निर्वाळा दिला होता. त्यांच्याकडील उंदरांवरची पिसू निराळ्या जातीची होती, हे ध्यानात यावयास अवकाश होता.

येथे कमिशनवर अन्याय होऊ नये. पुराव्याविषयी साशंक असणे हा विद्वत्तेचा गुणच होय. दोष होता तो ही शंका एकाच बाजूस खर्च झाली यात. नव्या कल्पनेस पदोपदी साक्षीदार आणावयास सांगितले गेले; जुनी कल्पना वतनदाराप्रमाणे विनाचौकशी आसनावर बसून राहिली. इस्पितळात गाठीच्या रोग्यांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्यांस हा रोग क्वचितच होतो, ही गोष्ट पुष्कळांनी नमूद केली होती. रोग माणसाकडून माणसाकडे जातो हे खरे असेल तर असे का व्हावे? हा प्रश्न त्या जुन्या कल्पनेस पुरेशा आग्रहाने कोणी विचारला नाही.

पुढे मुंबईतच डॉ. ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा हाती धरला. प्लेग झालेल्या घरात त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले, तेव्हा भुकेलेल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या. उंदीर मेला व त्याचे शरीर थंड पडले की पिसू दुसरे ऊबदार शरीर शोधते, आणि उंदीर नाहीसे झाले म्हणजे ते शरीर माणसाचे असते. १९०५ साली नेमलेल्या नव्या संशोधन-कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट निर्विवाद केली. पिसवांनी भरलेल्या खोलीत जमिनीवर ठेवलेली जनावरे मरत. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेली जगत. हवा तीच, खोलीही तीच. एवढ्या एका फरकाने पिढ्यान्‌पिढ्यांची कल्पना निकालात निघाली.

ज्ञान झाले म्हणून मरण थांबले, असेही नाही. १९०७ या एका सालात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने दगावली. माहिती अहवालात होती. ती घराघरांत न्यावयाची तर ज्या विश्वासाच्या वाटेने न्यावी लागते, ती वाट दहा वर्षांपूर्वीच उखडली गेली होती. सीमाँचे म्हणणे १८९८ सालीच मानले गेले असते तर किती जीव वाचले असते, हा हिशेब कोणास मांडता येणार नाही. इतके मात्र निश्चित की, परळच्या प्रयोगशाळेत जो दुवा सिद्ध झाला, त्याचे एक टोक पहिल्याच वर्षी मांडवीच्या वखारीत पडलेले होते. आणि झाडूवाल्याने ते उचलून बाहेर टाकले, तेव्हा त्याला कोणी हटकले नाही.