बोधी वाटून देता येते काय?

सोयगाव तालुक्यातील फर्दापूरजवळ, वाघूर नदीच्या नालाकृती दरीत अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांतील २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात डाव्या भिंतीवर इ. स. च्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन प्रसंग कोरले गेले. मारविजयाच्या प्रसंगात सिद्धार्थ गौतम मारसेनेसमोर एकटे बसलेले आहेत. महापरिनिर्वाणाच्या प्रसंगात सुमारे ७ मीटर लांबीची शयनमूर्ती असून तिच्यापुढे शोकाकुल शिष्यसमुदाय आहे. या दोन शिल्पांमधील काही पावलांत तथागतांची ४५ वर्षांची चारिका सामावली आहे. एकट्याने मिळविलेली बोधी समुदायापर्यंत पोहोचली ती कशी?

हा प्रश्न प्रथम तथागतांनाच पडला होता. आपला गंभीर धम्म लोकांना उमगेल काय, या विचाराने ते उपदेशाविषयी साशंक होते, असे विनयपिटक सांगते. अखेर करुणेचा विजय झाला आणि सारनाथ येथे पाच परिव्राजकांना पहिला उपदेश मिळाला. पुढे गणक मोग्गल्लान ब्राह्मणाने विचारले की, आपल्या सर्वच शिष्यांना निब्बाण का लाभत नाही? तथागतांनी राजगृहाच्या वाटेचा दृष्टान्त दिला. वाट विचारणाऱ्या दोघांपैकी एक नीट पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो. यात वाट सांगणाऱ्याने काय करावे?

अजिंठ्याच्या दात्यांनीही याच प्रश्नाला स्पर्श केला आहे. आपल्या दानाचे पुण्य आई-वडिलांना व सर्व प्राणिमात्रांना अनुत्तर ज्ञान लाभण्यासाठी असो, अशी कामना तेथील अनेक दानलेखांत आढळते. या कामनेचे औदार्य आम्ही नाकारीत नाही. परंतु दात्याने पुण्य अर्पिले म्हणून दुसऱ्याची तृष्णा क्षीण होत नाही, हेही तितकेच खरे. पुण्य अर्पिता येईल. प्रज्ञा मात्र ज्याची त्यालाच जागवावी लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मार्गदाता व मोक्षदाता असा भेद केला आणि तथागत मार्गदाता आहेत, हे ठामपणे मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे या भेदाला कृतीचे रूप आले. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी जमलेल्या लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली व २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. प्रतिज्ञा एकाने सांगितल्या. परंतु त्यांतील ‘मी’ हा शब्द प्रत्येकाने स्वतःच्या मुखाने उच्चारला. शतकानुशतके ज्यांच्या वतीने इतरच बोलत आले होते, त्यांच्या मुखी आलेला तो ‘मी’ होता. दीक्षा सामुदायिक होती, संकल्प मात्र ज्याचा त्याचाच होता.

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला दोन गोष्टी सांगितल्या. आपण आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही. आणि तुम्ही स्वतःच स्वतःचे शरण व्हा. आम्हांला या दोन वचनांत विरोध दिसत नाही. देणाऱ्याने काहीही राखून ठेवू नये आणि घेणाऱ्याने आपले चालणे दुसऱ्यावर सोपवू नये. केवळ वंदन करून लेण्यातून परतणाऱ्या उपासकाने त्या दोन शिल्पांमधील काही पावले तेवढी ओलांडलेली असतात; ४५ वर्षांची वाट त्याच्यापुढे तशीच उभी असते.