मापनसामग्री, जुनी इलेक्ट्रॉनीय : प्रारण-सुरक्षा
दोलनदर्शक, संकेत जनित्र, विद्युत् दाबमापक इ. निर्वात नलिकांच्या काळातील उपकरणांतून संभवणारे प्रारण (तरंगांच्या वा कणांच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा) आणि त्यापासूनचे संरक्षण यांचा विचार येथे केला आहे. हे प्रारण दोन प्रकारचे असते. आयनीकारक प्रारण सजीव पेशींना अपाय करते. उपकरणांतून निसटणारे क्षीण रेडिओ तरंग माणसास बाधत नाहीत. मात्र संवेदनशील ग्राहीच्या कार्यात व्यत्यय आणतात. या दुसऱ्या प्रकारापासूनच्या संरक्षणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण जुन्नर-आंबेगाव परिसरात आढळते. दोन्ही प्रकारांस एकच नाव असल्याने त्यांची गल्लत मात्र वारंवार होते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तबकडीवरील आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियम व झिंक सल्फाइड यांचा दीप्तिमान रंग वापरात आला. अमेरिकेतील कारखान्यांत कुंचल्याचे टोक ओठांत धरून निमुळते करणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांना जबड्याच्या हाडांचे क्षय व कर्करोग जडले. त्यांच्यापैकी काहींनी लढविलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. एवढे होऊनही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी मापकांवर तोच रंग सर्रास लावला गेला. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सु. १,६०० वर्षे आहे. झिंक सल्फाइड मात्र काही दशकांतच निकामी होते. त्यामुळे तबकडी चमकत नाही म्हणून ती निर्धोक, हा समज चुकीचा होय. काच शाबूत असेपर्यंत रंग आत राहतो. काच फुटल्यास वा रंग खरवडल्यास त्याची धूळ श्वासावाटे किंवा अन्नावाटे शरीरात जाते व हाडांत साठते.

काही वायुभरित नलिकांत विसर्ग अंधारातही तत्काळ सुरू व्हावा म्हणून कोबाल्ट-६०, निकेल-६३ किंवा क्रिप्टॉन-८५ अत्यल्प प्रमाणात घालीत. अखंड नलिकेपासून धोका नगण्य असतो. क्ष-किरणांचा प्रश्न उच्च दाबाच्या नलिकांपुरता आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले व पुढील वर्षी तेथे त्यासंबंधी कायदा झाला. सामान्य दोलनदर्शकात दाब काही हजार व्होल्टच असल्याने निर्माण होणारे मंद क्ष-किरण नलिकेच्या काचेतच शोषले जातात. खरे पाहता अशा उपकरणाच्या दुरुस्तीत धारित्रात साठून राहिलेला विद्युत् भार अधिक घातक ठरतो.

भारतात अणुऊर्जा अधिनियम १९६२ मध्ये झाला व १९८३ मध्ये मुंबई येथे अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. तथापि २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील, १९८५ पासून पडून असलेले गॅमा किरणन उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरी येथील भंगार बाजारात त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडून एक कामगार मरण पावला व अनेक आजारी पडले. हा उद्गम कोणत्याही मापकाहून कित्येक पटींनी प्रबळ होता. पण वस्तूची ओळख पुसली जाऊन ती भंगारात जाण्याची वाट दोहोंची एकच. जुनी तबकडी किंवा नलिका सापडल्यास ती न उघडता, न घासता पिशवीत बंद करावी, हात धुवावेत व मंडळाला कळवावे.

दुसऱ्या प्रकाराच्या प्रारणाचा प्रश्न नारायणगावाच्या पूर्वेस खोडद (ता. जुन्नर) येथे उद्भवतो. तेथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी, तर १६ तीन भुजांवर सु. २५ किमी.च्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांचा आकार पाहून त्यांतून किरण बाहेर पडत असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः दुर्बीण केवळ ग्रहण करते, प्रक्षेपण करीत नाही. भोवतालचे डोंगर दूरचा रेडिओ गोंगाट अडवितात. जवळच्या गोंगाटास मात्र डोंगरांचा उपाय नाही. विजेच्या तारांवरील ठिणग्या, भ्रमणध्वनी मनोरे आणि वेधशाळेतील स्वतःची इलेक्ट्रॉनीय सामग्रीही त्यास कारण होते. म्हणून अशी सामग्री धातूच्या आवरणाने वेढलेल्या कक्षांत ठेवतात. येथे माणसाला उपकरणापासून जपावयाचे नसून एका उपकरणाला दुसऱ्यापासून जपावयाचे असते. नारायणगावावरून जाणाऱ्या नियोजित पुणे-नाशिक जलद रेल्वेमार्गाला याच कारणास्तव हरकत घेतली गेली व २०२५ मध्ये तो अहिल्यानगर-शिर्डीमार्गे नेण्याचे रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले.