ढाल : एका शब्दाचा प्रवास

रणांगणावरून ढाल नाहीशी झाल्याला शतकाहून अधिक काळ लोटला, तरी मराठी बोलण्यातून ती गेलेली नाही. वादात कोणी नियमाची ढाल पुढे करतो, कोणी वडीलधाऱ्या माणसाच्या ढालीआड उभा राहतो, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात विजयी संघाला फिरती ढाल दिली जाते. ज्याने आयुष्यात खरी ढाल कधी हाती धरली नाही, त्यालाही या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वस्तू गेली आणि शब्द राहिला, असे अनेक शब्दांच्या बाबतीत घडते. पण ढालीच्या नशिबी आलेली अर्थांतरे विशेष पाहण्यासारखी आहेत.

संस्कृतात ढालीसाठी जुने शब्द निराळेच आहेत. अमरकोशात फलक, फल आणि चर्म ही तिची नावे दिली असून तिच्या मुठीला संग्राह असा स्वतंत्र शब्द आहे. मूर्तिशास्त्रात खेटक हा शब्द येतो; महिषासुरमर्दिनीच्या एका हाती खड्ग आणि दुसऱ्या हाती खेटक असते. यांतील चर्म आणि फलक ही नावे ढाल कशाची करीत हे सरळ सांगतात. चर्म म्हणजे कातडे, फलक म्हणजे लाकडाची फळी. दुकानावर नामफलक लावणारा व्यापारी एका अर्थी जुन्या ढालीचेच नाव भिंतीवर टांगतो. खुद्द 'ढाल' हा शब्द मात्र संस्कृतात उशिराच्या कोशांत दिसतो. ढोल, ढीग, ढेकूण यांच्याप्रमाणे ढकाराने आरंभ होणारा हा शब्द लोकांच्या बोलीतून वर गेला असावा, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

मराठीत ढाल आणि ढाळ हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिला संरक्षणाचा, दुसरा उताराचा. गुजरातीतही हा ल-ळ चा भेद पाळला जातो, म्हणून बडोद्याच्या मराठी माणसाचा येथे घोटाळा होत नाही. हिंदीला ळकार नसल्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र एकच 'ढाल' दोन्ही कामे करते आणि रस्त्याच्या उतारालाही तेच नाव मिळते. बेळगावच्या बाजारात कन्नड शेजारी ढालीला गुराणी म्हणतो. हैदराबादच्या उर्दूत फारसीतून आलेला सिपर हा शब्द आहे. हा सिपर मराठीला वाटतो तितका परका नाही. संस्कृत कोशांत ढालीसाठी फर आणि स्फर असेही शब्द सापडतात आणि त्यांचे नाते सिपरशी जोडले जाते. आपल्या आखाड्यातील फरीगदका हा खेळ सर्वांना ठाऊक आहे. त्यातील गदका म्हणजे कातड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल. ही फरी त्याच कुळातील असावी.

मराठी मुलखातील ढाल बहुधा वाटोळी आणि बाहेरून फुगीर असे. ती लोखंडाची किंवा पोलादाचीही करीत. पण कातड्याच्या ढाली हलक्या म्हणून स्वाराला सोईच्या पडत. म्हशीचे कातडे सामान्य शिपायाच्या वाट्याला येई. गेंड्याच्या कातड्याच्या ढालीला मोठा मान होता. ढालीच्या तोंडावर सामान्यतः धातूची चार फुले दिसतात. ती केवळ शोभेची नसत. त्यांचे खिळे आतल्या बाजूने निघून कड्यांना धरीत, त्या कड्यांतून हाताचे पट्टे ओवलेले असत, आणि घाव बसला तर बोटे चेचू नयेत म्हणून मध्ये लहानशी गादी बसवीत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील शस्त्रदालनासारख्या ठिकाणी अशी ढाल दिसली, तर तिच्या तोंडावरील नक्षीबरोबर तिची मागची बाजूही पाहावी. कारागिराचे खरे कसब तेथे दिसते.

हे कसब ज्यांच्या हाती होते, त्यांची नावे इतिहासाने फारशी नोंदवली नाहीत. तलवारीला नाव मिळाले, तिच्यावर पोवाडे झाले. ढाल करणारा मात्र कातडे कमावणारा म्हणून गावाबाहेर राहिला. चर्म या शब्दावरून चर्मकार आणि चांभार हे शब्द झाले. ज्याच्या हातच्या कातड्यावर राजाचा जीव विसंबत असे, त्याच्या हातचे पाणी मात्र समाजाला चालत नसे. अहमदाबादेत तीन दरवाजाच्या जवळ ढालगरवाड नावाचा बाजार आहे. ढालगर म्हणजे ढाली करणारे. त्या वस्तीत आता कापडाचा व्यापार चालतो. ढाली गेल्या, धंदा गेला, आणि कारागिरांचे नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले. कोल्हापूर-सांगलीकडे ढालाईत हे आडनाव आहे. ढाल बाळगणारा हत्यारबंद हुजऱ्या तो ढालाईत.

मराठ्यांच्या लष्करी भाषेत या शब्दाला आणखी एक अर्थ आला, आणि आज तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे. ढाल म्हणजे सैन्याचे मोठे निशाण. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत हा अर्थ नोंदलेला आहे. फौजेने कोणत्या दिशेने कूच करायचे आणि तळ कोठे द्यायचा, हे त्या निशाणावरून कळे. म्हणून 'ढाल देणे' याचा अर्थ तळ देणे असा झाला. निशाणाचा उंच खांब ती ढालकाठी, आणि निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज. हा हत्ती सर्वांच्या पुढे, सर्वांच्या नजरेसमोर चाले. त्याच्यावरूनच भीडभाड न ठेवता वावरणाऱ्या बाईला 'ढालगज भवानी' म्हणू लागले. हत्तीचे ते पुढे चालणे फौजेला भूषणावह वाटे. बाईच्या बाबतीत मात्र तोच गुण शिवी ठरला. शब्दांच्या इतिहासात समाजाचे मन असे नकळत उमटते.

युरोपातील भाषांतही ढालीच्या नावाची गोष्ट फारशी वेगळी नाही. इंग्रजी शील्ड आणि जर्मन शिल्ड हे एकाच मुळाचे शब्द आहेत आणि त्या मुळाचा अर्थ चिरणे, फाडणे असा लावतात. म्हणजे चिरून काढलेली फळी. संस्कृत फलकाशी हे किती जुळते! ग्रीकांच्या एका लांबट ढालीचे नाव दार या अर्थाच्या शब्दावरून पडले. त्याच ढालीच्या आकारावरून वैद्यांनी गळ्यातील एका कूर्चेला आणि पुढे तिच्याजवळच्या ग्रंथीला थायरॉईड, म्हणजे ढालीसारखी, असे नाव दिले. लॅटिनमध्ये ढालीला स्कूटम म्हणत. तिचा वाहक तो स्कुटारियस, आणि त्याच्यापासूनच इंग्रजी पत्रांवर नावापुढे लावला जाणारा एस्क्वायर हा किताब निघाला. साहेबी अमदानीत ज्या प्रतिष्ठितांना या शब्दाचे अप्रूप वाटे, त्यांना त्याचा मूळ अर्थ 'ढाल वाहणारा चाकर' असा आहे, हे कोणी सांगितले असते तर नवल वाटले असते.

स्कूटमचा दुसरा वंशज थेट गोमंतकात पोहोचला. नाण्यांवर राजाची ढाल छापण्याच्या प्रथेमुळे फ्रान्समध्ये एकू आणि पोर्तुगालमध्ये एस्कुदो ही नाण्यांची नावे झाली. दोहोंचा अर्थ ढाल. पोर्तुगालने १९११ साली एस्कुदो हे आपले चलन ठरवले. गोव्यात मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे रुपया चालू होता. १९५८ साली त्या रुपयाच्या जागी सहा एस्कुदोंना एक रुपया या दराने एस्कुदो आणला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही परकी ढाल गोमंतकीयांच्या खिशातून गेली. खुद्द पोर्तुगालमध्येही २००२ साली युरोने तिची जागा घेतली.

सरदारांची मानचिन्हे ढालीवर रंगवली जात, म्हणून ढाल सन्मानाची खूण ठरली आणि त्याच वाटेने ती खेळाच्या मैदानावर आली. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून जिंकली ती आयएफए शील्ड, आणि मुंबईच्या शाळकरी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी घाम गाळला ती हॅरिस शील्ड. येथे ढालीने वार अडवण्याचे काम सोडले आणि ती भिंतीवर मिरवू लागली.

पण शब्दाचा गाभा पाहायचा तर पुन्हा ग्रीकांकडे वळावे लागते. ग्रीक पायदळ खांद्याला खांदा लावून लढे. डाव्या हातातील ढाल धरणाऱ्याइतकीच त्याच्या डावीकडच्या सोबत्याला झाकी. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने इ. स. पूर्व ४१८ मधील मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना नोंदवले आहे की, प्रत्येक जण उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीचा आसरा शोधतो, आणि म्हणून सारी रांग नकळत उजवीकडे सरकते. प्लुटार्कने सांगितलेल्या एका आख्यायिकेत असा प्रश्न येतो की, स्पार्टात शिरस्त्राण टाकणाऱ्याला दोष नाही, मग ढाल टाकणारा कलंकित का ठरतो? उत्तर असे की, शिरस्त्राण माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल मात्र सर्वांच्या रांगेसाठी धरतो.

या अर्थाच्या अगदी उलट टोकाचा एक शब्दप्रयोग आधुनिक युद्धांनी रूढ केला आहे. तो म्हणजे मानवी ढाल. शत्रूने मारा करू नये म्हणून नि:शस्त्र माणसांना लष्करी ठिकाणांपुढे उभे करायचे, ही ती रीत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २८ व्या कलमाने तिला मनाई केली आणि १९७७ च्या पूरक मसुद्याने ती मनाई अधिक स्पष्ट केली. तरी तिच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कातडे, लाकूड आणि लोखंड यांच्यानंतर ढालीसाठी माणसाचा देह वापरला जावा, ही या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत दु:खद मजल आहे. दुसऱ्यासाठी पुढे होणारा माणूस आणि दुसऱ्याला पुढे करणारा माणूस, दोघांचेही वर्णन भाषा एकाच शब्दाने करते. त्यांतील फरक ओळखण्याचे काम शब्दकोशाचे नाही. ते तो शब्द वापरणाऱ्यानेच करायचे आहे.