खडी मोजली, माणसे मोजली नाहीत

खाण म्हटली की आपल्या चळवळीतल्या तरुणाला झरिया आठवते, फार तर बल्लारपूर. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या, इंद्रायणीकाठच्या मोशीतल्या दगडखाणी त्याला आठवत नाहीत. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, साठनंतर कारखान्यांची रांग लागली. या उद्योगनगरीच्या इतिहासात उद्योगपतींची नावे आहेत. तिच्या पायात गेलेली खडी कोणी फोडली, ते नाही. ती फोडली वडारांनी आणि दुष्काळाने गावाबाहेर काढलेल्या भूमिहीनांनी. या दुसऱ्यांत आपलेच लोक पुष्कळ. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात तोच अनुसूचित जातींत. सीमा ओलांडली म्हणून हातातली सुतकी काही हलकी होत नाही!

खाणमजुराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना हाती घेतला होता. डिसेंबर 1943 मध्ये ते कोळसापट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले. जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावरच उपकर बसवून मजुरांच्या कल्याणाचा पैसा उभारायचा, हे त्यातले मर्म. युद्धाच्या निकडीपोटी त्याच सरकारने 1943 साली स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी उठवली आणि 1946 साली ती पुन्हा घातली, हेही आपण सांगितले पाहिजे. भक्तीपायी इतिहास झाकू नये.

स्वातंत्र्यानंतर 1952 चा खाण कायदा आला. त्याने मालक, एजंट आणि मॅनेजर यांना जबाबदार धरले. पण कलम 3 ने इमारती दगड, खडी, मुरूम यांच्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली. अटी तीन: खोली सहा मीटरांच्या आत, मजूर पन्नासांच्या आत, आणि सुरुंग लावायचा नाही. काळा पाषाण सुरुंगाविना उकलत नाही. म्हणजे सुरुंगाच्या पहिल्याच बाराला ही सूट संपत होती.

तरीही मी पाहिलेल्या दगडखाणींवर हजेरीपट नव्हता. खाणपट्टा एकाच्या नावावर, क्रशर दुसऱ्याचा, ट्रॅक्टर तिसऱ्याचा, आणि उचल देणारा मुकादम चौथा. दरड कोसळली तर जाब कोणाला विचारायचा? सरकार गौण खनिजाचे स्वामित्वधन ब्रासवर घेते, त्यामुळे दगडाची नोंद सापडते. तो फोडणाऱ्या बाईची सापडत नाही; ती नवऱ्याच्या मजुरीतच धरलेली.

मोठ्या कंपनीत निदान आरोपी सापडतो. चासनाळ्याच्या कोळसाखाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाणी घुसले, 370 हून अधिक मजूर बुडाले. तिथे चौकशी झाली, खटला चालला; अधिकारी दोषी ठरायला मात्र 2012 उजाडले. दगडखाणीत एकटादुकटा मरतो. त्याच्यासाठी चौकशी आयोग बसत नाही.

मोशी 1997 साली महापालिकेत आली. खाणींच्या परिसरात आता उंच इमारती आहेत आणि तिथले रहिवासी धुळीबद्दल तक्रारी करतात. त्यांची तक्रार रास्त आहे. ती ऐकली जाते ती घराला पत्ता आहे म्हणून. त्याच धुळीत पालात राहिलेल्यांना पत्ता नव्हता. संसदेने 2020 साली केलेल्या संहितेत 1952 चा कायदा सामावला गेला. तिच्या अंमलात हजेरीपट मागायला खाणीवर कोण जाते, ते आपल्या कार्यकर्त्यांनी तिथे जाऊनच पाहायचे आहे.