शिवाजीनगरची आरोग्यमाता : बेंगळुरूचा प्लेग, नवस आणि लस



आजची गोष्ट शिवाजीनगरची आहे. पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या. बेंगळुरूची जहागीर एकेकाळी शहाजीराजांकडे होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज मात्र आपण त्या काळात जाणार नाही. आज आपण जाणार आहोत रसेल मार्केटजवळच्या एका चर्चमध्ये. नाव सेंट मेरीज बॅसिलिका.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते आईला घेऊन. आई सोलापूरहून उपचारांसाठी माझ्याकडे आली होती. केमोथेरपी चालू होती. शेजारच्या तमिळ आंटी एक दिवस म्हणाल्या, "आठ सप्टेंबरला मातेचा सण आहे. आईंना घेऊन चला." मी कचरले. नवसाच्या नादात आईनं औषध सोडलं तर? ही भीती खोटी नव्हती. तसं झालेलं मी ओळखीच्या घरात पाहिलं होतं. आईला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, लहानपणी तुला ताप आला, तेव्हा तुळजापूरचा नवस बोलले आणि त्याच रात्री डॉक्टरकडेही नेलं. विसरलीस का?"

गेलो. आत मेरीमाता साडी नेसून उभी. बाहेर भगव्या कपड्यांतली माणसं, फुलांचे हार, मेणबत्त्या, अनवाणी आलेली कुटुंबं. त्यात ख्रिस्ती किती, हिंदू किती, हे ओळखता येत नव्हतं. आई म्हणाली, "ही तर आपलीच जत्रा."

त्या दिवसापासून मी या जागेचा इतिहास वाचू लागले.

या भागाला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे गवताच्या छपराचं छोटंसं प्रार्थनाघर होतं. त्याच्याशी नाव जोडलेलं आहे फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा यांचं. १७९९मध्ये टिपू सुलतान पडल्यावर हे गृहस्थ श्रीरंगपट्टणला आले आणि विस्कटलेल्या ख्रिस्ती वस्त्या सावरू लागले. हिंदू चालीरीतींवरच्या त्यांच्या ग्रंथामुळे ते आपल्याला माहीत असतात. पण त्यांचं आणखी एक काम आहे. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर लवकरच म्हैसूर मुलखात ती लस गावोगाव नेणाऱ्यांत हे द्युब्वा होते. हजारो लोकांना त्यांनी लस टोचून घ्यायला राजी केलं.

म्हणजे पाहा, आज जिथे लोक बरं होण्यासाठी मेणबत्ती लावतात, त्या चर्चच्या अगदी पहिल्या पानावर लस आहे.

आताची उंच मनोऱ्याची गॉथिक इमारत ८ सप्टेंबर १८८२ रोजी, म्हणजे मेरीमातेच्या जन्माच्या सणालाच, प्रार्थनेसाठी खुली झाली. आणि सोळाच वर्षांत शहरावर संकट आलं. मुंबईत १८९६मध्ये आलेला प्लेग पुणे, धारवाड, हुबळी करत आगगाडीनं ऑगस्ट १८९८मध्ये बेंगळुरूला पोचला.

पुण्यात त्याआधी काय घडलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत. घराघरांत घुसलेले सोल्जर, उघड्यावर टाकलेलं सामान, रँडचा खून. बेंगळुरूतही रोग्यांना घरच्यांपासून वेगळं काढलं गेलं. माणसं घरं सोडून तंबूंत राहायला गेली. शहरातली दाटी कमी करायला बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती पुढे आल्या. सांसर्गिक रोगात रोग्याला वेगळं ठेवणं चूक नव्हतं. पण ज्याच्या काखेत गाठ आली, त्याच्यासाठी त्याचा अर्थ एकच होता : आता आपल्याला कुणी हात लावणार नाही.

अशा वेळी माणसं कुठे गेली? जिला हात जोडायला कुणी अडवत नव्हतं, त्या आईकडे गेली. बेंगळुरूत प्लेगच्या नावानं ओळखली जाणारी मारिअम्माची देवळं आजही आहेत. आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाबाहेर नेत, तेच हे नातं. आणि शिवाजीनगरात लोक मेरीअम्माकडे गेले. प्लेगच्या दिवसांत तिच्यावरची श्रद्धा वाढली, असं बॅसिलिकेच्या परंपरेत सांगतात. आरोग्यमाता म्हणून तिला साकडं घालणारे आजही येतात. मरीआई, मारिअम्मा, मेरीअम्मा. नावं कानाला जवळची आहेत. शब्दांचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही. गरज मात्र एकच होती.

हे फक्त बेंगळुरूचं नाही. मुंबईत वांद्र्याला गल्लीबोळांत जे क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक प्लेगच्या दिवसांत उभारलेले आहेत. तिथल्या मोतमाउलीच्या जत्रेत आजही मेणाचे हात, पाय, डोकी विकत मिळतात. जो अवयव दुखतो, तो वाहायचा. जत्राही सप्टेंबरचीच, ८ तारखेनंतरच्या रविवारपासून.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. नवसानं प्लेग थांबला नाही. पुढची कित्येक वर्षं तो बेंगळुरूत परत परत येत राहिला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या अंगावर आपली लस टोचून पाहिली. ती लस, उंदरांचा बंदोबस्त, मोकळी घरं आणि पुढे आलेली औषधं, यांनी जीव वाचवले. जो कुणी प्रार्थनेच्या नावावर रोग्याचं औषध बंद करायला सांगतो, तो या चर्चच्याही इतिहासाच्या विरुद्ध बोलतो. याच शहरात गुड शेफर्ड संघाच्या नन्सनी १८८६मध्ये सेंट मार्था हॉस्पिटल सुरू केलं. प्रार्थना करणाऱ्याच बायका तिथे जखमा धूत होत्या.

मग नवसानं काय दिलं? रोग्याला माणसांत परत आणलं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगानं गेल्या. त्यांच्याकडे प्लेगवरचं औषध नव्हतं. त्या रोग्याला त्यांनी एकटं सोडलं नाही, एवढंच. शिवाजीनगरची ती गर्दी, शेजारणीनं धरलेला हात, अनोळखी बाईनं आईला बसायला दिलेली जागा, यांत मला तेच दिसलं.

घरी येताना रिक्षात मी आईला विचारलं, "काय मागितलंस?"

ती म्हणाली, "बरं कर, असं नाही म्हटलं. ते डॉक्टर बघतील. पुढची सुई सोसायचं बळ दे, म्हटलं."

पुढची सुई सोमवारी होती. ती तिनं घेतली. त्यानंतरच्याही सगळ्या घेतल्या. आईला आणखी चार वर्षं मिळाली. दर ८ सप्टेंबरला आम्ही एक साडी वाहायला जायचो. आई नाही, तरी मी जाते.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि देवाकडे जायचं म्हणत असेल, तर वाद घालू नका. दोनच गोष्टी बघा : औषध वेळेवर घेतलं जातंय ना, आणि ते माणूस एकटं तर पडलेलं नाही ना.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.