विरघळणारे स्टेंट आणि मधुमेह

विरघळणारा स्टेंट म्हणजे हृदयाच्या रोहिणीतला अडथळा फुग्याने उघडल्यावर ती पुन्हा आक्रसू नये म्हणून बसवलेली आणि काही काळ आधार देऊन शरीरातच विरून जाणारी जाळीदार नळी. डॉक्टरांच्या बोलण्यात हिला ‘स्कॅफोल्ड’ म्हणतात. धातूचा स्टेंट जन्मभर रोहिणीत राहतो, हा मात्र काही वर्षांत नाहीसा होतो. त्यामुळे रोहिणीला आपली लवचिकता परत मिळेल, पुढे बायपासची वेळ आली तर टाका घालायला जागा मोकळी राहील आणि धातूभोवती वर्षानुवर्षे रेंगाळणारा दाह टळेल, ही त्यामागची कल्पना. मधुमेहींना या कल्पनेचा सर्वाधिक फायदा व्हावा असे वाटत होते, कारण त्यांना पुन्हा पुन्हा स्टेंट घालावे लागतात. परंतु हा स्टेंट सर्वस्वी रोहिणी भरून येण्यावर विसंबून असतो आणि नेमके तेच काम मधुमेहात अवघड होऊन बसते.

इतिहास : आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे फुग्याची पहिली अँजिओप्लास्टी केली. माणसाच्या हृदयात पहिला धातूचा स्टेंट १९८६ मध्ये बसला. विरघळणाऱ्या स्टेंटचा पहिला मानवी अनुभव जपानच्या हिदेओ तामाई यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या १५ रुग्णांमध्ये २५ स्टेंट घातले होते. त्यानंतर सर्वाधिक वापर झाला तो ॲबट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’चा. युरोपची मान्यता २०११ मध्ये, अमेरिकेची जुलै २०१६ मध्ये आणि सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री बंद, असा त्याचा प्रवास अल्पायुषी ठरला.

विरघळण्याची क्रिया : ॲब्सॉर्बची जाळी पॉलिलॅक्टाइड या बहुवारिकाची होती. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. रोहिणीला पेलून धरण्याची ताकद सुमारे सहा महिने टिकते. पूर्ण विरघळायला मात्र तीन वर्षांच्या आसपास लागतात. मधला काळ नाजूक असतो. जाळी मऊ पडलेली असते, पण गेलेली नसते. तिच्या काड्यांवर अस्तर चढले नसेल तर सुटलेले तुकडे रक्तप्रवाहात लोंबतात आणि तिथे रक्त गोठू शकते. बहुवारिक धातूइतके मजबूत नसल्याने काड्याही जाड ठेवाव्या लागल्या. ॲब्सॉर्बची काडी १५७ मायक्रोमीटरची होती, तर त्याच कंपनीच्या धातूच्या ‘झायन्स’ स्टेंटची ८१ मायक्रोमीटरची. जाड काडीमागे रक्त भोवरा घेऊन मंदावते आणि अस्तराच्या पेशींना ती ओलांडायला अधिक वेळ लागतो.

मधुमेहातील भरून येणे : फुगा फुगवताना रोहिणीचे अस्तर फाटते, त्याशिवाय वाट रुंद होत नाही. जखमेवर प्रथम बिंबाणू (प्लेटलेट) जमतात, पांढऱ्या पेशी येतात, मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत सरकून वाढतात आणि शेवटी अस्तराच्या पेशी कडेने पसरत काड्या झाकतात. स्टेंटवरचे एव्हेरोलिमस किंवा सिरोलिमस हे औषध स्नायुपेशींची वाढ रोखते, पण त्यासोबत अस्तराची वाढही मंदावते. निरोगी रोहिणी हा तोल सांभाळते. मधुमेहात तो दोन्ही बाजूंनी ढळतो. स्नायुपेशी जास्त वाढतात, म्हणून वाट पुन्हा अरुंद होते. अस्तर मात्र उशिरा आणि दुबळे येते. ते पुरेसे नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही. रोहिणी सैल ठेवणारे आणि बिंबाणूंना दूर ठेवणारे द्रव्य हेच. अस्तर दुरुस्त करायला अस्थिमज्जेतून येणाऱ्या पेशी संख्येने कमी असतात. साखर प्रथिनांना चिकटून तयार झालेली संयुगे रोहिणीची भिंत ताठर करतात व दाह पेटता ठेवतात. बिंबाणू चटकन चिकटतात आणि गुठळी विरघळवणारी शरीराची यंत्रणा मंद पडते. त्यातच मधुमेही रोहिण्या बारीक, लांबवर रोगट आणि कॅल्शियमने कडक झालेल्या असतात. त्यांत जाड काड्यांची जाळी नीट उघडत नाही. एकेक दोष वेगळा पाहिला तर सौम्य भासतो, एकाच ठिकाणी सगळे आले की धोका होतो.

चाचण्यांतील पुरावा : ‘ॲब्सॉर्ब-३’ या २,००८ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) वर्षभरात ज्या रोहिणीवर उपचार झाला तिथेच अडचण येण्याचे प्रमाण विरघळणाऱ्या स्टेंटच्या गटात ७.८ टक्के आणि धातूच्या गटात ६.१ टक्के होते. नेदरलँड्समधील ‘आयडा’ चाचणीत (२०१७) दोन वर्षांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण ३.५ विरुद्ध ०.९ टक्के भरले. निरनिराळ्या चाचण्यांतील ७५४ मधुमेहींचा एकत्र अभ्यास झाला, त्यात उपचार झालेल्या जागी वर्षभरात अडचण येण्याचे प्रमाण ८.३ टक्के होते. वाढलेले वय, इन्सुलिनवर असणे आणि बारीक रोहिणी या तीन गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या. ‘ॲब्सॉर्ब-३’चा पाच वर्षांचा पाठपुरावा फार बोलका आहे. तीन वर्षांनंतर, म्हणजे जाळी विरल्यावर, दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला. कल्पना चुकीची नव्हती, मधली तीन वर्षे महाग पडली, असेच म्हणावे लागते. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाबाहेर हे स्टेंट वापरू नयेत असे सांगितले.

भारतातील स्थिती : मधुमेही हृदयरुग्णांवरची एक मोठी चाचणी भारतातच झाली. डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखालील ‘टक्सिडो-इंडिया’ (२०१५) मध्ये १,८३० मधुमेही होते आणि त्यात एव्हेरोलिमस लेपाचा धातूचा स्टेंट पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाच्या लेपाच्या स्टेंटपेक्षा सरस ठरला. गुजरातेतील वापीच्या मेरिल कंपनीने १०० मायक्रोमीटर काड्यांचा विरघळणारा ‘मेरेस-१००’ तयार केला. त्याच्या पहिल्या चाचणीत १०८ भारतीय रुग्ण होते व वर्षभरात एकालाही स्टेंटमधील गुठळी झाली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमती बांधल्या. औषधी लेपाच्या आणि विरघळणाऱ्या स्टेंटसाठी २९,६०० रुपयांची एकच मर्यादा ठरली. सर्वसामान्यांना स्टेंट परवडू लागले, ही मोठीच गोष्ट.

भारतात मधुमेह लठ्ठांपुरताच नाही. शिडशिडीत माणसाला शुगर कशी, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे दिली. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगमेहनत करणारा सडपातळ शेतमजूरही मधुमेही निघतो, त्याचा एक धागा इथे सापडतो.

बीड जिल्ह्यातील संदर्भ : अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा जुना आधार. अँजिओप्लास्टीसाठी मात्र आष्टी-पाटोद्याकडचा रुग्ण बहुधा अहिल्यानगर-पुण्याला, अंबाजोगाई-परळीचा लातूरला आणि बीड-गेवराईचा छत्रपती संभाजीनगरला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, पण रोहिणी भरून यायला लागणारे महिने रुग्णाने घरी आणि कामावर काढायचे असतात. कोणताही औषधी स्टेंट घातल्यावर ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदा किंवा टिकाग्रेलोर दोनदा घ्यावी लागते. हार्ट अटॅकनंतर हा काळ सहसा वर्षभराचा असतो, विरघळणाऱ्या स्टेंटला त्याहून लांबवावा लागे.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. पहाटे फडात उतरणाऱ्या आणि रात्री ट्रक भरणाऱ्या माणसाला टिकाग्रेलोरची दुसरी गोळी चुकते, जेवणाची वेळ हुकल्याने साखर कधी खाली तर कधी वर जाते. तपासणीला दवाखाना गाठायचा म्हणजे खाडा. काड्या अजून उघड्या असताना गोळ्या तुटल्या तर स्टेंट कोणताही असो, गुठळीचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाला रुग्णालयातून सोडतानाच कोणत्या कारखान्याच्या फडावर जाणार हे विचारून घेणे, हंगामभराच्या गोळ्या सोबत देणे, शक्य तिथे दिवसातून एकदाच घ्यायची गोळी निवडणे आणि तंबाखू व मिसरी सोडायला लावणे ही उपचाराचीच कामे आहेत. या जिल्ह्यातील मधुमेहीसाठी आज पातळ काड्यांचा धातूचा औषधी स्टेंटच योग्य ठरतो. एकापेक्षा अधिक रोहिण्या रोगट असतील तर बायपासचा विचार आधी व्हावा, कारण १,९०० मधुमेहींच्या ‘फ्रीडम’ चाचणीत (२०१२) पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटच्या गटात २६.६ टक्क्यांना आणि बायपासच्या गटात १८.७ टक्क्यांना आला.

पुढील वाटचाल : मॅग्नेशियमचे, सुमारे वर्षभरात विरणारे स्टेंट युरोपात २०१६ पासून वापरात आहेत. हृदयात मागे पडलेले पॉलिलॅक्टाइड आता पायात परतले आहे. गुडघ्याखालच्या रोहिण्यांसाठीच्या ॲबटच्या ‘एस्प्रिट’ला अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याच्या काड्या ॲब्सॉर्बपेक्षा पातळ, ९९ मायक्रोमीटरच्या आहेत. २६१ रुग्णांच्या चाचणीत पाय वाचवण्याचा आणि रोहिणी उघडी राहण्याचा एकत्रित निकष वर्षभरानंतर ७४ टक्के रुग्णांत पूर्ण झाला, नुसत्या फुग्याच्या उपचारात ४४ टक्के. या रुग्णांत बहुसंख्य मधुमेही होते.